मिसेस गॅड्सडन यांनी शिवलेला झगा

काच पुसणारे मिस्टर ड्रेटन आत्ताच बादली उचलून गेले. आता दुपारपर्यंत इकडे कुणी फिरकायचं नाही. तेव्हा मित्रांनो, जरा जवळ या. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही.

मी एक जुना काळा झगा आहे. कोर्टात न्यायाधीश अंगावर घालतात, तसला. पोर्ट एलिसच्या कोर्टात जिन्याखाली ही काचेची पेटी ठेवली आहे, तिच्यात मला एका दांडीवर चढवून उभं केलं आहे. वर डोकं नाही, बाह्यांत हात नाहीत. शाळेची मुलं सहलीला येतात, त्यांच्या बाई "चला, चला, पुढे चला" करतात आणि मुलं पुढे जातात. परवा एक जण मला बघून "भूत!" म्हणून ओरडला आणि सगळे हसले. मला राग आला नाही असं नाही सांगणार. आला. पण तो गेल्यावर जास्त वाईट वाटलं, कारण तेवढाच एक जण माझ्यासमोर थांबला होता.

माझा जन्म आमच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये झाला. त्या वर्षी शहराच्या कौन्सिलनं पहिल्यांदाच एका काळ्या बाईंना न्यायाधीश नेमलं होतं. त्यांचं नाव मिसेस झेनोबिया कार्टलेज. कोर्टाच्या कपाटात झगे होते, पण सगळे उंचापुऱ्या गोऱ्या पुरुषांच्या मापाचे. आमच्या जज्जबाई अंगानं लहानखुऱ्या. त्यातला एक घालून पाहिला तर हात बाह्यांत हरवले आणि घोळ जमिनीवर लोळायला लागला. कौन्सिलचे लोक म्हणाले, "यंदा नव्या झग्याची तरतूद नाही." मग चर्चमधल्या बायकांनीच मनावर घेतलं.

मला बेतलं, कापलं आणि शिवलं ते मिसेस लुटिशा गॅड्सडन यांनी. जज्जबाईंची ती लहानपणापासूनची मैत्रीण. कापड होतं काळं, जाड, लोकरी. चर्चमधलं कुणी वारलं की ते व्यासपीठावर अंथरत असत. त्यावरून वाद झालाच.

"हे कापड नको गं बाई," सिस्टर युलाली म्हणाल्या. "मयताचं आहे ते."

"मग? ती काय लग्नाला चाललीय?" मिसेस गॅड्सडन तोंडात टाचण्या धरून बोलत होत्या. "तिला त्या गोऱ्या लोकांच्या कोर्टात बसायचंय. जाड कापड असलेलं बरं, बोलणी आरपार जाणार नाहीत."

सगळ्या बायका खो खो हसल्या. जज्जबाई मधे स्टुलावर उभ्या होत्या, हात पसरून, टाचण्या टोचतील म्हणून श्वास धरून. त्याही हसल्या आणि एक टाचणी टोचलीच.

"हलू नकोस, नोबी! न्यायाधीश झालीस तरी अजून चुळबुळ गेली नाही."

त्या दुपारच्या गप्पांतूनच मला माझ्या मालकिणीची सगळी कहाणी कळली. तिचे वडील बेटावर राहायचे आणि खाडीतून कालवं काढायचे. नोबी रोज होडीतून शाळेला यायची. तिच्या कपड्यांना कालवांचा वास यायचा, म्हणून वर्गात कुणी तिच्या शेजारी बसत नसे. एकटी लुटिशा बसायची.

"मोठी आली उपकार करणारी!" जज्जबाई म्हणाल्या. "हिला बारमाही सर्दी. हिला वासच यायचा नाही."

"येत होता," मिसेस गॅड्सडन म्हणाल्या, "पण तुझी गणितं बरोबर असायची."

पुढे इथल्या कायद्याच्या कॉलेजनं काळ्या मुलीला दारात उभं केलं नाही, म्हणून नोबी आगगाडीनं उत्तरेला गेली, शिकली आणि वकील होऊन परत आली. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. घरी परतल्यावर बोलायला माणूस एकच, लुटी.

मिसेस गॅड्सडन यांनी मला दोन गोष्टी दिल्या, ज्या दुसऱ्या कुठल्या झग्याला नसतील. आमच्याकडे दारं-खिडक्यांच्या चौकटी फिकट निळ्या रंगवतात, भुताखेतांनी आत येऊ नये म्हणून. तसा निळ्या दोऱ्याचा एक टाका त्यांनी माझ्या घोळाच्या आतून सगळीकडे फिरवला. वरून काही दिसत नाही. आणि उजव्या बाजूला एक चोरखिसा दिला. त्याच्यात एकच तिळाची वडी मावते.

दर शनिवारी मी मिसेस गॅड्सडन यांच्या घरी इस्त्रीला जायचो. रविवारी चर्च सुटलं की त्या मला जज्जबाईंच्या हातात द्यायच्या. सोमवारी कोर्टात साक्षीपुरावे लांबायला लागले की जज्जबाईंचा हात हळूच खिशात जायचा. वडी तिथे असायचीच. दोघींत कधी त्याबद्दल एक शब्दही झाला नाही.

पहिल्या दिवसाची एक गंमत सांगतो. मी चेंबरमध्ये खुंटीवर होतो आणि जज्जबाई टेबलावरची धूळ पुसत होत्या, कारण ती कुणी पुसली नव्हती. एक वकीलसाहेब आत आले. त्यांनी आपली ओली हॅट जज्जबाईंच्या हातात दिली. "अगं, जज्ज आले की मला सांग. मी बाहेर आहे."

"सांगते," जज्जबाई म्हणाल्या. त्यांनी हॅट नीट टांगली. मग मला अंगात चढवलं, बाहेर जाऊन खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, जज्ज आले." त्या माणसाचा चेहरा मी अजून विसरलो नाही. आठवला की माझी बटणं हसतात.

पण खरी गोष्ट त्यानंतर घडली. कोर्टात नावं पुकारायला मिस्टर फेनविक होते. पिकलेल्या मिशांचे, गोरे, जुन्या वळणाचे. आमच्या भागात तेव्हा रीतच होती. गोरं माणूस असेल तर मिस्टर अमुक, मिसेस तमुक. काळं असेल तर नुसतं नाव, मग ते माणूस पुकारणाऱ्याच्या आजीच्या वयाचं का असेना. फेनविक यांनी यादी उचलली आणि पुकारलं, "फिबी! पुढे ये."

जज्जबाईंनी हात वर केला. "मिस्टर फेनविक, तुम्हाला मी नुसतं हॉरेस म्हटलं तर चालेल?"

"नाही, बाई."

"ए हॉरेस म्हटलं तर?"

फेनविक लालबुंद झाले. "नाही, बाई."

"मग यांनाही चालत नाही. या खोलीत प्रत्येकाला आडनाव आहे. पुन्हा पुकारा."

फेनविक यांनी दोनदा घसा साफ केला. "मिसेस... मिसेस फिबी सिमन्स."

मागच्या बाकावरची ती म्हातारी उठलीच नाही. ती मान वळवून मागे बघत होती, या मिसेस सिमन्स कोण आल्या म्हणून. शेजारणीनं ढोसलं, "अगं बाई, तूच!" तेव्हा ती उठली आणि चालता चालता डोळे पुसायला लागली. तिच्यावर आरोप होता तो रस्त्यावर केळ्याच्या साली टाकल्याचा.

ही बातमी गावभर झाली. मग दर गुरुवारी मागचे बाक भरायला लागले. ज्यांचा खटला नाही अशा बायका शेंगा सोलायला घेऊन यायच्या आणि नुसतं ऐकत बसायच्या. मिस्टर ग्रीन. मिसेस मॅनिगो. मिस वेस्ट. मिसेस गॅड्सडन पहिल्या दिवसापासून तिथे असायच्या. एकदा शनिवारी इस्त्री करताना त्या मला म्हणाल्या, हो, माझ्याशी बोलायच्या त्या, "तुला माहीत आहे का रे, माझं नाव आडनावासकट कधी कुणी असं खणखणीत घेतलंच नव्हतं. लग्नात पाद्रीबाबांनी घेतलं होतं तेवढंच."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, वा, मग तर सगळा आनंदच. पण मी खुंटीवरून जे बघायचो ते कुणाला दिसत नव्हतं. दुपारी बाकीचे न्यायाधीश घोळका करून समोरच्या क्लबात जेवायला जायचे. जज्जबाईंना कुणी "चला" म्हणालं नाही. त्या डबा उघडून एकट्या खायच्या, लाल भात आणि भेंडीचं कालवण, आणि चमच्याचा आवाज होऊ नये म्हणून सावकाश खायच्या. का, ते मला कळलं नाही. आणि आपल्या माणसांत जावं तर तिथेही त्या आल्या की बोलणं बंद. "जज्ज आली गं" म्हणून पत्ते खाली ठेवायचे. कुणाचा पुतण्या, कुणाचा जावई, कुणाचा ना कुणाचा खटला असायचाच. गोऱ्यांच्या टेबलावर जागा नव्हती आणि आपल्यांच्या टेबलावर त्यांना बघून सगळे ताठ बसत. उरली एक लुटी. तिच्या स्वयंपाकघरात त्या चपला काढून बसायच्या.

तीही गेली. एका कोंबड्यापायी.

मिसेस गॅड्सडन यांच्याकडे एक कोंबडा होता. नाव त्याचं बिशप, कारण तो पहाटे उपदेश सुरू करायचा आणि कुणी थांबवू शकत नसे. शेजारच्या घरात एक गोरे दातांचे डॉक्टर नव्यानं राहायला आले. त्यांची झोपमोड झाली. त्यांनी सरळ तक्रार ठोकली. मिसेस गॅड्सडन यांना कोर्टाचं बोलावणं आलं.

त्या शनिवारी मी इस्त्रीच्या टेबलावर पसरलेला होतो. जज्जबाई आल्या, नेहमीसारख्या चपला काढल्या, पण बसल्या नाहीत.

"काय गं नोबी, माझा बिशप तुझ्यासमोर उभा राहणार म्हणे!" मिसेस गॅड्सडन हसत म्हणाल्या. "मी त्याला आंघोळ घालते हवं तर."

"माझ्यासमोर नाही, लुटी. मी तो खटला सोडलाय. तो जज्ज ॲशमोर यांच्याकडे गेलाय."

इस्त्री थांबली. "का?"

"तू माझी मैत्रीण आहेस. मैत्रिणीचा खटला ऐकता येत नाही."

"म्हणजे मैत्रीण झाल्याची शिक्षा मला?"

"अगं, तसं नाही..."

"कोंबड्याचा तर खटला! हसण्यावारी नेशील आणि संपेल."

"म्हणूनच नको. उद्या गावात म्हणतील, काळी बाई बसवली आणि तिनं आपल्या माणसांची कोंबडी सोडली. मग माझ्यामागून दुसऱ्या कुणाला बसू देणार नाहीत. मला चुकायची मुभा नाही गं."

मिसेस गॅड्सडन यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मग हळू म्हणाल्या, "ॲशमोर मला लुटिशा म्हणेल."

आणि तेव्हा जज्जबाई ते वाक्य बोलल्या. त्यांच्या मनात तसं नव्हतं. त्या दमलेल्या होत्या. "दहा मिनिटांचं तर काम आहे. मान खाली घालून ऐकून घे आणि घरी ये."

इस्त्री पुन्हा फिरायला लागली. जरा जास्तच जोरात फिरली. रविवारी मी परत आलो तेव्हा खिशात वडी होती, पण मोडलेली.

खटल्याच्या दिवशी जज्जबाईंनी मला सकाळीच अंगात घातलं. त्यांच्या चेंबरला दोन दारं होती. एक त्यांच्या कोर्टात उघडायचं, दुसरं जज्ज ॲशमोर यांच्या कोर्टात. त्या दुसऱ्या दारापलीकडचं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं. जज्जबाई खुर्चीत बसल्या होत्या, पण पाठ टेकली नव्हती.

"लुटिशा!" पलीकडे पुकारा झाला.

कुणी उत्तर दिलं नाही.

"लुटिशा, उभी राहा."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

मग जज्ज ॲशमोर यांचा आवाज. "अगं ए, तुझ्याशीच बोलताहेत. बहिरी आहेस का?"

आणि मग तिचा आवाज आला. जराही न चढलेला. "साहेब, लुटिशा मला माझी आई म्हणायची. ती वारली. इथे मी मिसेस गॅड्सडन आहे. खात्री नसेल तर पलीकडच्या खोलीत विचारा."

पलीकडच्या खोलीत! म्हणजे आम्हाला. जज्जबाई ताडकन उठल्या. त्या दारापाशी कशा पोहोचल्या मला कळलंच नाही. त्यांचा हात दाराच्या मुठीवर होता. एक पाऊल टाकायचं होतं फक्त. दार उघडायचं आणि म्हणायचं, हो, या मिसेस गॅड्सडनच आहेत.

पण एका न्यायाधीशानं दुसऱ्याच्या कोर्टात घुसायचं नसतं. घुसल्या असत्या तर तो त्यांचा शेवटचा दिवस ठरला असता, आणि तसं व्हावं म्हणून टपून बसलेले लोक त्या इमारतीत काही कमी नव्हते. हात मुठीवरच राहिला. पलीकडे ॲशमोर म्हणाले, "ही माझी खोली आहे. कोर्टाचा अवमान केलास. सोमवारपर्यंत कोठडीत बस, म्हणजे तुझं नाव तुला आठवेल."

जज्जबाई गर्रकन वळल्या. माझा घोळ दाराच्या खालच्या खिळ्यात अडकला आणि टर्रकन फाटला. निळा दोरा लोंबायला लागला. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दारानं त्या आपल्या कोर्टात गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि मिस्टर फेनविक यांनी पुकारलं, "मिस्टर जेंकिन्स." सायकलला दिवा का नाही, असा तो खटला होता. जज्जबाईंनी तो नीट ऐकला. फक्त त्यांचा हात सारखा खिशात जात होता.

सोमवारी कोठडीतून सुटल्यावर मिसेस गॅड्सडन थेट चेंबरमध्ये आल्या. अंगावर तोच कपडा होता, गुरुवारचा.

"लुटी, बस गं. मी तुला..."

"बसायला नाही आले. चार दिवस बसलेच होते." त्या उभ्याच राहिल्या. "तू मला शिकवलंस मी कोण आहे ते. दर गुरुवारी येऊन शिकले मी. आणि माझी वेळ आली तेव्हा म्हणालीस, मान खाली घाल."

"मी चुकीचं बोलले."

"आणि पलीकडे ते मला अगं ए करत होते तेव्हा तू कुठे होतीस?"

आता सांगा, बाई! मला ओरडावंसं वाटत होतं. दारापाशी होतात म्हणून सांगा. मुठीवर हात होता म्हणून सांगा. हा बघा माझा घोळ! पण झग्याला कुठे तोंड असतं? मी खुंटीवर लोंबकळत राहिलो. फाटलेली बाजू भिंतीकडे होती.

"इथेच होते," जज्जबाई म्हणाल्या. एवढंच.

मिसेस गॅड्सडन यांनी मान हलवली. "बरं. मग आजपासून तुम्हीसुद्धा मला मिसेस गॅड्सडन म्हणत जा. तुमचाच नियम आहे, जज्जसाहेब."

आणि त्या गेल्या. बघा, जो शब्द जज्जबाईंनी सगळ्या गावासाठी मिळवला, तोच शब्द त्यांच्या एकुलत्या एक मैत्रिणीनं त्यांच्यात आणि आपल्यात आडवा घातला. बिशपला बेटावर पाठवून दिलं. मला लाँड्रीत पाठवायला लागले.

पुढची वर्षं मोठी गाजली. जज्जबाई वरच्या कोर्टात गेल्या, मग राजधानीतल्या त्याहून वरच्या कोर्टात. तिथवर पोहोचलेल्या आपल्यातल्या त्या पहिल्याच. वर्तमानपत्रात फोटो यायचे, आणि फोटोत त्यांच्याबरोबर मीही. तरुण वकील मुली त्यांना बघायला लांबून यायच्या. कोर्टाच्या लोकांनी त्यांना रेशमी अस्तराचा नवा झगा भेट दिला. त्यांनी आभार मानले आणि तो कपाटात ठेवला. मला मात्र फाटक्या घोळासकट घालत राहिल्या. घोळाला एक सेफ्टी पिन लावली होती. सेक्रेटरी म्हणायची, "बाई, मी देते ना शिवून." त्या म्हणायच्या, "राहू दे. त्याची शिवणारी वेगळी आहे."

एवढ्या मानमरातबात त्या किती एकट्या होत्या, ते मी सांगतो. मोठ्या चेंबरमध्ये मोठं टेबल होतं आणि डबा मात्र एकाच माणसाचा. निकाल लिहून झाला की त्या वर बघायच्या, कुणाला तरी वाचून दाखवावं म्हणून. समोर मीच. मग त्या मला वाचून दाखवायच्या. मी काय बोलणार? कधी भर कोर्टात, वकील तावातावानं बोलत असताना, त्यांचा हात खिशात जायचा आणि रिकामाच बाहेर यायचा. इतक्या वर्षांनीसुद्धा जायचा.

दर वर्षी चर्चच्या वर्धापनदिनाला लोक त्यांना मला घालून यायला सांगत. दारात दोघी समोरासमोर यायच्या.

"गुड मॉर्निंग, मिसेस गॅड्सडन."

"गुड मॉर्निंग, जज्ज."

लोकांना वाटायचं, केवढा एकमेकींचा मान ठेवतात या! मला वाटायचं, कुणीतरी भांडा. निदान अगं म्हणा.

शेवटी जज्जबाई निवृत्त झाल्या. गुडघे गेले होते, छातीतही दुखायचं. ज्या हॉलमध्ये मी जन्मलो तिथेच सत्काराचा कार्यक्रम झाला. भाषणं झाली, केक कापला, लोक पांगले. खुर्च्या उचलायला काही बायका मागे राहिल्या, त्यात मिसेस गॅड्सडन होत्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी. खुर्ची सरकवताना त्यांचं लक्ष जज्जबाईंच्या अंगावरच्या माझ्या घोळाकडे गेलं.

"हे काय?" त्या वाकल्या. "पिन? माझ्या शिवणीला पिन?"

"बरीच वर्षं झाली त्याला," जज्जबाई म्हणाल्या.

"कुणाला तरी दाखवायचा नाही का? एवढी मोठी जज्ज आणि घोळाला पिन लावून फिरतेस? लाज कशी वाटली नाही तुला?"

फिरतेस! मी ऐकलं. जज्जबाईंनीही ऐकलं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

"दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही," त्या म्हणाल्या.

"फाटला कशात पण?"

"दारात. ॲशमोरच्या."

मिसेस गॅड्सडन वाकलेल्याच राहिल्या. त्यांची बोटं फाटलेल्या कडेवरून फिरली, लोंबणारा निळा दोरा त्यांनी चिमटीत धरला. किती तरी वेळ त्या तो बघत होत्या.

"दारापाशी होतीस तू?"

"हो."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस, बावळट?"

"काय सांगायचं, लुटी? दार उघडलं तर नाही ना मी."

मिसेस गॅड्सडन धपकन खुर्चीवर बसल्या. दोघी रडल्या. म्हाताऱ्या बायका रडतात तशा, नाकं शिंकरत, एकमेकींकडे न बघता. मग मिसेस गॅड्सडन यांनी पर्समधून सुईदोरा काढला. "काढ तो झगा. आण इकडे. आणि सुईत दोरा ओव, मला दिसत नाही."

जज्जबाईंनी दोरा ओवायला चष्मा पुसला, दोरा तोंडात घालून ओला केला, तीनदा चुकल्या.

"एवढे मोठाले निकाल लिहिलेस आणि सुईत दोरा ओवता येत नाही, नोबी!"

नोबी! मित्रांनो, त्या दिवशी मला टाके पडत होते, पण दुखलं नाही.

त्यानंतर दोघींना एकच हिवाळा मिळाला. दर शनिवारी मी पुन्हा त्या स्वयंपाकघरात जायला लागलो. कोर्टच उरलं नव्हतं, मला इस्त्री करायचं काही कारण नव्हतं, तरी त्या करायच्या. जज्जबाई चपला काढून बसायच्या आणि दोघी कुठल्याही गोष्टीवरून भांडायच्या. वसंतात जज्जबाई गेल्या. मिसेस गॅड्सडन यांनी मला शेवटची इस्त्री केली, खिशात एक तिळाची वडी ठेवली आणि कोर्टाच्या माणसांच्या हातात दिलं. वर्षभरात त्याही गेल्या.

आता मी इथे आहे. वडी मुंग्यांनी कधीच नेली. खिशाच्या शिवणीत थोडे तीळ राहिले आहेत, ते मी सांभाळून ठेवले आहेत. मला कसर लागेल म्हणून लोक औषध फवारतात, ऊन लागू नये म्हणून पडदा ओढतात. माझी काळजी घेतात असं त्यांना वाटतं. पण तुम्हाला एक मागणं आहे माझं.

पेटीखाली एक पितळी पाटी आहे. गेल्या वर्षी मोठा समारंभ करून लावली. वाचा ती. वर लिहिलंय, 'सन्माननीय न्यायाधीश मिसेस झेनोबिया कार्टलेज यांचा झगा.' छान आहे, शोभतं त्यांना. आता खालची ओळ वाचा. 'शिवणारी: लुटिशा.'

नुसतं लुटिशा. ज्यांनी लिहिलं त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना वाटलं, शिंपीणच तर आहे. या इमारतीत, याच जिन्याच्या वर, आपल्या पूर्ण नावासाठी मिसेस गॅड्सडन कोठडीत गेल्या होत्या, हे त्यांना कुणी सांगितलं नसेल. मी सांगू शकलो नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. काच जाड आहे.

तुम्ही मात्र सांगू शकता. म्हणून मित्रांनो, पुढे जाण्याआधी एकदा इथे थांबा आणि मिस्टर फेनविक पुकारायचे तसं खणखणीत वाचा: मिसेस लुटिशा गॅड्सडन. नुसतं लुटी म्हणायचा हक्क जगात एकीलाच होता, आणि ती आता म्हणणार नाही.